कमी रेघांचं पत्र

रविवार, ६ ऑक्टोबर २०२४

आज जेवणाच्या सुट्टीत गाओला विचारलं, मला चिनी लिहायला शिकवशील का. तो डबा उघडत होता. चमचा हातात तसाच धरून माझ्याकडे बघत राहिला.

"मिस्टर खलील, तुम्ही एप्रिलमध्ये रिटायर होणार ना?"

"म्हणूनच. वेळ कमी आहे."

कारण साधं आहे. इथे दोह्यात, वेस्ट बेच्या आमच्या ऑफिसात दोन वर्षांपासून चिनी सबकॉन्ट्रॅक्टरची ड्रॉइंग्ज येतात आणि त्यांच्या कोपऱ्यात चिनीत शेरे असतात. मी डॉक्युमेंट कंट्रोलर. कुठला कागद कुठल्या फाइलला, कुठली रिव्हिजन चालू आणि कुठली रद्द, हे बघणं एकतीस वर्षं माझं काम. जे वाचता येत नाही त्यावर शिक्का मारायला मला आवडत नाही. बस, एवढंच.

गाओ ड्राफ्ट्समन आहे. तिशीतला, शीआनकडचा. आम्ही दोघं मोडक्यातोडक्या इंग्रजीत बोलतो आणि दोघांनाही ती पुरते.

परवा शुक्रवारी उम्म सलालला आमच्या अनमकडे गेलो होतो. तिच्या फोनवर एक व्हिडिओ चालू होता. एक मुलगी पुस्तक धरून मोठ्याने वाचत होती. पुढचे दोन दात पडलेले. काय वाचत होती त्यातला एक शब्द कळला नाही. मला बघून लेकीने झटकन फोन उलटा ठेवला. मी विचारलं नाही, तिने सांगितलं नाही. रमीजची नूरैन आता सात वर्षांची असेल.

त्याचा आणि चिनी शिकण्याचा संबंध नाही. आठवलं म्हणून लिहिलं.

मंगळवार, ८ ऑक्टोबर

माणूस, मोठा, डोंगर, दार. चार अक्षरं. गाओ म्हणतो रेघ कुठून सुरू होते ते महत्त्वाचं, नुसतं दिसायला तसं काढलं तर ते चित्र होतं. हे मला पटलं.

अनीसाला सांगितलं, ऑफिसचं काम आहे. ती भाकरी थापत होती. "हां," म्हणाली. मग थोड्या वेळाने, "लिवलेले कागद टाकू नका. खणांत अंथरायला होतात."

रविवार, २० ऑक्टोबर

फजरच्या नमाजानंतरचा अर्धा तास आता या कामाला. अनीसा चहा ठेवते आणि समोर बसून बघते.

आमच्या घरात आधीच दोन लिप्या आहेत. मी रत्नागिरीजवळच्या कर्ल्याचा, मराठी शाळेतला. ती उर्दू शाळेतली. बोलणं एकच, पण सामानाची यादी ती उजवीकडून लिहिते आणि मी डावीकडून. मीठ तेच. ही वही तिला वाचता येणार नाही असं नाही, पण माझ्या अक्षराने तिचं डोकं दुखतं म्हणते. त्यामुळे इथे मोकळेपणी लिहिता येतं.

काल किचनचा खण उघडला तर आत जुनं वर्तमानपत्रच अंथरलेलं. म्हटलं, माझे कागद कुठे आहेत?

"तो खण नाय, दुसरा."

शुक्रवार, ८ नोव्हेंबर

अनमकडे. शुक्रवारी दुपारी मायलेकी आतल्या खोलीत दार लावून बसतात. अनीसाच्या गुडघ्याच्या व्यायामाचा व्हिडिओ लावतात म्हणे. आतून हसण्याचे आवाज येतात. व्यायामात हसण्यासारखं काय असतं कोण जाणे. पण गुडघे काही सुधारलेले दिसत नाहीत.

जावई आणि मी बाहेर बसून मॅच बघितली. बघता बघता मी गुडघ्यावर बोटाने 'आजोबा' गिरवत होतो. परवाच गाओने दिला हा शब्द. 爷爷. वर 'बाप' हे अक्षर, खाली एक आकडी. मी मागितला नव्हता. म्हणजे, घरातली नाती सांग एवढंच म्हटलं होतं.

संध्याकाळी गाडीत तो शब्द म्हणून बघत होतो. अनीसा म्हणाली, "तसं नाय. येऽ-ये. पयला वर चढतो, दुसरा हळूच सोडायचा."

"तुला काय ठाऊक?"

"तुमी रोज बोलतां, ऐकून ऐकून पाठ झालं."

मी तो शब्द तिच्यासमोर आज पहिल्यांदा उच्चारला होता असं मला वाटत होतं. वय होतंय.

बुधवार, २७ नोव्हेंबर

एकशे चाळीस अक्षरं झाली. गाओ म्हणतो, तुमचं वळण चांगलं आहे. एका ड्रॉइंगवरचा 'दार' आज मला स्वतःला वाचता आला. शेजारच्या टेबलावरच्या मलबारी पोरीला बोलावून दाखवला. तिने "व्हेरी गुड, अंकल" म्हटलं आणि टाइप करायला लागली.

गुरुवार, १९ डिसेंबर

काल नॅशनल डेची सुट्टी. अबूबकर आणि मी कॉर्निशला समुद्राकाठी बसलो. अबूबकर म्हणजे माझा कर्ल्याचा जोडीदार, आम्ही एकाच विमानाने दोह्याला आलो. आठ वर्षांपूर्वी त्याच्या अदीबाचं आणि माझ्या रमीजचं ठरवायचं आमचं जवळजवळ पक्कं होतं.

रमीज तेव्हा तैवानला, सिनचू गावी. आधी शिक्षण, मग चिप बनवणाऱ्या कंपनीत नोकरी. त्याने फोन करून सांगितलं, ईचुन नावाची मुलगी आहे, निकाहला तयार आहे, अब्बा, तुम्ही या. मी म्हटलं, मी अबूबकरला काय तोंड दाखवू? तो म्हणाला, तुम्ही त्यांचं तोंड बघताय, माझं बघा. मी म्हटलं, या घरात आता तुझं काही नाही. ते शेवटचं बोलणं.

काल अबूबकर शेंगा सोलत सहज म्हणाला, "अदीबाला कुवेतला दुसरा मुलगा झाला. रमीजची पोरगी आता केवढी?"

मी म्हटलं, "तुला राग नाही?"

"कसला?"

"आपलं ठरलेलं..."

तो हसायलाच लागला. "अरे खलील, ते अजून धरून बसलास? अदीबालाच तो नको होता. तिने आईला सांगितलं होतं. मला वाटलं तुला ठाऊक हाय. खलास झालं ते कधीच."

समोर फटाके उडायला लागले. माणसं मोबाइल वर करून उभी राहिली. मी समुद्राकडे बघत बसलो.

एक गोष्ट मी कुठेच लिहिलेली नाही, ती लिहितो. नूरैन झाली तेव्हा तिकडून एक पार्सल आलं होतं. खोक्यावर रमीजच्या अक्षरात माझं नाव. मी ते उघडलं नाही. 'पाठवणाऱ्याला परत' असं लिहून मी माझ्या हाताने पोस्टात देऊन आलो. आत काय होतं ते मला आजवर माहीत नाही. अनीसा तेव्हा आठ दिवस माझ्याशी बोलली नव्हती. नवव्या दिवशी बोलली ते, "जेवा," एवढंच.

शुक्रवार, ३१ जानेवारी २०२५

आज अनमने स्वतः होऊन फोन माझ्यापुढे धरला. "अब्बा, तुम्ही चायनीज शिकताय ना? हे वाचा बघू." चिनी नववर्षाचं चित्र. लाल कागद, एक साप (यंदा सापाचं वर्ष आहे), आणि खाली चार ओळी. कोणी काढलं ते ती बोलली नाही. मीही विचारलं नाही.

चष्मा लावला. घसा खाकरला. अनीसा दारात येऊन उभी राहिली.

'मी' वाचता आला. 'मोठा' आला, 'माणूस' आला. पुढे झाडोरा. एकात एक घुसलेल्या रेघा, खिडक्या, जाळ्या. पावणेतीनशे अक्षरं शिकलेला माणूस आणि सात वर्षांच्या पोरीच्या चार ओळींत तीन शब्द लागले.

"अक्षर खराब आहे," मी म्हटलं. "शाळेत नीट शिकवत नाहीत."

अनमने फोन काढून घेतला. "इट्स ओके, अब्बा." ते तिने इतक्या हळू आवाजात म्हटलं की ओरडली असती तर बरं.

रविवार, २ फेब्रुवारी

अनमकडून चित्र मागवून घेतलं आणि गाओपुढे ठेवलं. त्याने वाचायला सुरुवात केली. अडखळत, पण वाचलं. सापाच्या बिळात सगळे एकत्र जेवतात, माझ्या घरातले काही जण लांब राहतात, असं काहीतरी.

"मग मला का येत नाही?"

"ही जुनी अक्षरं. तैवानमध्ये, हाँगकाँगमध्ये हीच चालतात. आमच्याकडे सत्तर वर्षांपूर्वी रेघा कमी केल्या. मी वाचतो, पण लिहायला सांगाल तर येणार नाही."

"मला सांगितलं का नाहीस?"

तो गोंधळला. "तुम्ही ड्रॉइंगसाठी शिकता म्हणालात."

मी चित्र परत त्याच्यापुढे सरकवलं.

त्याने कागदावर 'ऐकणे' दोन्ही तऱ्हांनी काढून दाखवलं. आपलं 听, सात रेघा. त्यांचं 聽, बावीस. ते काढताना त्याला दोनदा फोनमध्ये बघावं लागलं. जुन्यात डावीकडे कान आहे आणि उजवीकडे खाली काळीज आहे. नव्यात दोन्ही नाहीत, कानाच्या जागी तोंडाचं अक्षर आहे. मी म्हटलं, हा काय प्रकार? तोंडाने ऐकायचं?

गाओला ते लागलं. तो सहसा चिडत नाही. "माझी आई खेड्यातली आहे. शेतातून येऊन रात्रशाळेत बसायची. सात रेघा होत्या म्हणून शिकली. बावीस असत्या तर ती आज मला मेसेज करू शकली नसती."

मी माफी मागितली. आमच्या कर्ल्याच्या घरात जमिनीचे जुने कागद आहेत, मोडी लिपीतले. माझे आजोबा ते घडाघडा वाचायचे. मी पेटी उघडतो, बघतो, परत बंद करतो. आपल्यालाही कोणीतरी सोपं करून दिलं, आणि आपण तिथपर्यंतचेच झालो. हे त्याला सांगितलं. तो म्हणाला, त्याच्या आजोबांची पत्रं अशीच आहेत घरी.

पण आमच्या खात्यात नियम सरळ आहे. नवी रिव्हिजन आली की जुनीवर रद्दचा शिक्का. इथे दोन्ही चालू, आणि माझ्या पोराने नेमकं तिथे घर केलं जिथे माझी चालत नाही.

बुधवार, ५ फेब्रुवारी

अभ्यास बंद. फजरनंतर नुसता बसलो. अनीसाने चहा ठेवला, कागद नाही बघून विचारलं, काय झालं. कान आणि तोंडाचा किस्सा सांगितला.

"कान काढून तोंड लावलं?" ती म्हणाली. "मग तुमचंच अक्षर ते."

आणि कप घेऊन आत गेली. चाळीस वर्षांच्या संसारात तिने मला इतकं सरळ कधी सुनावलं नव्हतं.

सोमवार, १७ फेब्रुवारी

गाओला यंदा नववर्षाला सुट्टी मिळाली नाही. त्याची मुलगी आठ महिन्यांची आहे. त्याने तिला अजून हातात घेतलेलं नाही, फोनवरच मोठी होते आहे. आज जेवताना तिचा फोटो बघत होता. मी म्हटलं, आठवण येते हे तुमच्यात कसं लिहितात?

त्याने काढलं: 想. वर झाड आणि डोळा, खाली काळीज. म्हणाला, विचार करणं, हवंसं वाटणं आणि आठवण येणं, तिन्हीला हा एकच शब्द.

मी हळूच विचारलं, "तैवानला कसं लिहितात?"

"हेच. यात काही बदललं नाही. एक रेघ कमी नाही, एक जास्त नाही."

मी कागद ओढून घेतला आणि तेरा रेघांचं ते अक्षर पानभर काढलं. जेवणाची सुट्टी संपल्याचं कळलं नाही.

रविवार, २३ फेब्रुवारी

पत्र लिहायचं ठरवलं आहे. इथे लिहून टाकतो म्हणजे मागे फिरता येणार नाही. रमीजला नाही, त्याला लिहिण्याचं तोंड मला नाही. नूरैनला.

सोपा मार्ग म्हणून फोनचं अ‍ॅप वापरून बघितलं. नवी अक्षरं घातली की जुनी करून देतं. आधी सुक्या बांगड्याबद्दल एक वाक्य घातलं होतं, की तुझी दादी छान करते. गाओने वाचलं आणि हसून टेबलावर डोकं टेकलं. नव्यात 'सुकं' आणि 'काम करणं' यांना एकच अक्षर आहे, जुन्यात वेगवेगळी. अ‍ॅपने चुकीचं उचललं आणि बांगडे कामाला लागले.

ते वाक्य काढून उरलेलं उतरवायला बसलो. रेघा कुठून सुरू होतात माहीत नाही, कुठे संपतात माहीत नाही. दोन तासांनी जे तयार झालं ते मी लिहिलेलं नव्हतं. ती नक्कल होती. पोरीला पहिलं पत्र जायचं ते मला येतं त्यात जाऊ दे. तिला वाचता येईल की नाही, इन्शाल्ला, तिचा बाप सांगेल. सांगायचं असलं तर.

गुरुवार, ६ मार्च

रमजानचा सहावा रोजा. ऑफिस दोनला सुटलं. पत्र आज टाकलं.

पाच ओळी. मी तुझा आजोबा आहे. तू मला ओळखत नाहीस. ती चूक माझी आहे. तू माझी नात आहेस. मला तुझं वाचन ऐकायचं आहे.

गाओने तपासून दिलं. तिसऱ्या ओळीपाशी थांबला, माझ्याकडे बघितलं, आणि पुढे गेला.

पत्ता अनमकडून घेतला. ती रडायला लागली आणि मराठी-इंग्रजी एक करून काहीतरी बोलत राहिली. अल मुंतझात आमच्या इमारतीला टपाल येत नाही, म्हणून उत्तराचा पत्ता ऑफिसच्या पोस्ट बॉक्सचा दिला.

पोस्टातल्या काउंटरवर पाकीट सरकवताना ते पार्सल आठवलं. तोच काउंटर होता. पाकीट परत आलं तर त्यावर शेरा कोणाच्या अक्षरात असेल, याचा विचार करतो आहे.

रविवार, ३० मार्च

ईद. अनमकडे सगळे. अनीसाने शीरखुर्मा केला, सात वाट्या भरल्या. आम्ही सहा होतो. मी मोजलं.

काही आलेलं नाही.

रविवार, १३ एप्रिल

रोज सकाळी पोस्ट बॉक्सचा गठ्ठा मीच घेऊन येतो. ते माझं काम नाही, पण ऑफिस असिस्टंट खूश आहे. बँका, कुरिअर, कॅटलॉग.

तीस तारखेला माझा शेवटचा दिवस. त्यानंतर महिनाभरात रेसिडेन्सी रद्द, आणि आम्ही कर्ल्याला. त्या पोस्ट बॉक्समध्ये माझ्या नावाने काही आलं तर कोण कुठे पाठवणार? नवा माणूस नियमाने वागला तर पाठवणाऱ्याला परत करील. मी त्याच्या जागी असतो तर तेच केलं असतं.

सोमवार, २१ एप्रिल

माझी नऊ दिवसांची रजा शिल्लक आहे. एचआरवाले म्हणाले घेऊन टाका, उद्यापासून येऊ नका. मी घरी येऊन सांगितलं तर अनीसा एकदम म्हणाली, "नाय. तुमी जा."

"का?"

"शेवटचे दिवस हायत. घरी बसून काय करणार? जा, टपाल बघा. आठवडाभर तरी जाच."

सामान बांधायला माझी मदत नको म्हणते. बायका अशाच. मी जातो आहे.

सोमवार, २८ एप्रिल

आलं.

कॅटलॉगच्या खाली होतं. पाकिटावर इंग्रजीत माझं नाव, रमीजचं अक्षर. मी ते उघडलं नाही, गाओच्या टेबलापर्यंत तसंच नेलं. तो येत्या पंधरा तारखेला दुसऱ्या साइटवर चालला आहे, त्यालाही घाई होती, पण त्याने कॉम्प्युटर बंद केला.

आत माझंच पत्र होतं. मला वाटलं, परत पाठवलं.

मग लाल शाई दिसली.

पोरीने माझी पाचही वाक्यं तपासली होती. 'आजोबा' खोडून वर नीट लिहिला होता. 'ओळखणे' खोडला होता, 'चूक' खोडला होता, 'ऐकणे' वर मोठी फुली मारून बाजूला बावीस रेघांचा काढला होता. प्रत्येक अक्षराच्या उजवीकडे बारीक बारीक खुणा, तिकडची मुलं उच्चारासाठी करतात तशा. एक अक्षर मात्र तिने खोडलं नव्हतं. 'नात' लिहिताना मी 孙 काढलं होतं, मूल आणि त्याच्या शेजारी लहान. तिने त्या 'लहान'च्या डोक्यावर लाल पेनाने थोडंसं जोडलं होतं. 孫. ते मी गाओपुढे धरलं.

"हे काय जोडलंय?" मी विचारलं.

"धागा," तो म्हणाला. "जुन्यात मुलाच्या शेजारी धागा असतो. वरून खाली आलेला, न तुटलेला. म्हणून नातवंड."

खाली तिने लिहिलं होतं, ते गाओने वाचून दाखवलं. आजोबा, तुमच्या अक्षरांतून बऱ्याच गोष्टी राहून गेल्या आहेत. बाबा म्हणतात तुम्ही आळशी नाही, तुम्हाला तसं शिकवलं आहे. आधीच्या पानांपेक्षा अक्षर खूप चांगलं झालं आहे. चुकलेली अक्षरं पाच-पाच वेळा लिहून परत पाठवा.

आणि कोपऱ्यात लाल शेरा. गाओ म्हणाला, ही मार्कांतली तिकडची दुसरी श्रेणी. पहिली नाही दिली.

'आधीची पानं' कुठली ते मला कळलं नाही. हे माझं पहिलंच पत्र. गाओला जुनं वाचायला त्रास होतो, त्याचं काहीतरी चुकलं असेल.

मागच्या बाजूला मराठीत तीन ओळी. रमीज इथे इंग्रजी शाळेत शिकला, मराठी लिहायला त्याला मीच शिकवलं, शुक्रवारी सकाळी समोर बसवून. हातात लाल बॉलपेन घेऊन ह्रस्व-दीर्घ तपासायचो. एका चुकीला दहा वेळा. तो रडायचा.

त्याने लिहिलं आहे: "अब्बा, पत्र मिळालं. ती फार कडक आहे, वेळेत पाठवा. मि ठिक आहे."

दोन चुका. मी वाचलं, परत वाचलं. पेन खिशातच राहू दिलं.

शुक्रवार, २ मे

परवा ऑफिस संपलं. केक कापला, भाषणं झाली. गाओने निघताना मला दोन्ही हातांनी एक वही दिली, चौकटी आखलेली, प्रत्येक चौकटीत एक अक्षर बसेल अशी. मी त्याला म्हटलं, तुझ्या मुलीला लवकर हातात घे. तो मान खाली घालून हसला.

काल आणि आज पहाटे पोरीचा अभ्यास केला. 'आजोबा' पाच वेळा. 'ओळखणे' पाच वेळा. 'चूक' पाच वेळा. 'ऐकणे' पाच वेळा, त्यातला तिसरा बिघडला म्हणून सहावा काढला. 'नात' पाच वेळा. लाल रेघांच्या वाटेने गेलं की हात बरोबर वळतो. जुम्म्याच्या नमाजाला जायच्या आधी पाकीट बंद केलं. या वेळी उत्तराचा पत्ता कर्ल्याचा घातला.

मशिदीतून आलो तर अनीसा खोकी चिकटवत होती. मी तिच्या शेजारी जमिनीवर बसलो. टेप धरून दिली. मग म्हटलं, "रमीजचा नंबर अनमला विचारायला पाहिजे."

ती टेप लावतच राहिली. आणि वर न बघता तिने नंबर सांगितला. देशाच्या कोडसकट, मध्ये न थांबता, एकेक आकडा. मी पुठ्ठ्यावर लिहून घेत गेलो. दोनदा विचारावं लागलं, दोन्ही वेळा तिने तोच सांगितला.

मी तिच्याकडे बघत होतो. तिचे हात चालूच होते. बरंच काही विचारायचं माझ्या तोंडावर आलं होतं. एकही विचारलं नाही.

फोन हातात घेतला तर म्हणाली, "आत्ता नको. शुक्रवारी त्याची मीटिंग असते, सहापर्यंत. मग तो नूरैनला क्लासमधून घेतो. आपल्या एक वाजता लावा, दोघं गाडीत असतात."

"मी काय बोलू?"

"काय नको. आधी ऐका."

म्हणून ही वही काढून बसलो आहे. अनीसाने जवळ येऊन स्पीकरचा आवाज वाढवला, स्वतःसाठी खुर्ची ओढून घेतली, आणि ओढणी डोक्यावर सारखी केली.

एकला चार मिनिटं कमी आहेत.